एक बेल जास्तीची

मॉडेलसाहेबांच्या दारावरची बेल बंद पडली, पण नक्की केव्हा पडली हे त्यांना सांगता येईना. बेल बंद आहे हे कळायला ती आधी कोणीतरी वाजवावी लागते. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई, पेपरवाला जिन्यातूनच पेपर भिरकावी आणि लिफ्टमध्ये भेटणारी माणसं लिफ्टमध्येच निरोप घेत. शिवाय बेल हा या घरात कायम बायकोचा विभाग होता. ती होती तोवर बेल वाजली की मॉडेलसाहेब कॉम्प्युटरवरून मान वर न करता "अगं, बेल" एवढंच म्हणत. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि "अगं, बेल" म्हणायची वेळही त्यानंतर फारशी आली नव्हती.

शोध लावला तो मुलीने. एका शनिवारी ती न कळवता आली आणि बेलवर बोट ठेवून उभी राहिली. मग तिने दार बडवलं, मग फोन लावला. फोन स्वयंपाकघरात होता आणि मॉडेलसाहेब आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसले होते. समोरच्या दारातून निवृत्त ग्रंथपालबाई बाहेर आल्या आणि "आहेत हो आत, सकाळी खिडकीत दिसले होते," असं हळू आवाजात म्हणाल्या, म्हणून बरं; नाहीतर मुलगी कुलूप फोडणारा माणूस आणायला निघालीच होती.

"बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर?" शेवटी हेडफोन काढून त्यांनी दार उघडल्याबरोबर तिने विचारलं.

"पण झालं नाही ना काही."

"ते मला कसं कळणार?"

"आत्ता कळलं की."

मुलीने पिशवी खाली ठेवली. आई गेल्यापासून ती आईसारखी पिशवी खाली ठेवायला शिकली होती, म्हणजे पुढे बोलणं आहे हे पिशवीवरूनच समजायचं.

"हे बघा," ती म्हणाली, "एक तर ही बेल नीट करा आणि जरा चार माणसांत मिसळा. कोणी येतं का तुमच्याकडे? तुम्ही जाता का कोणाकडे? नाही ना? मग सामान बांधा आणि माझ्याकडे चला. रोज चार वाजता, चहाच्या सुट्टीत, मी फोन करणार. मला वाटलं ना की तुम्ही असेच भिंतीकडे बघत बसलाय, तर त्याच आठवड्यात येऊन घेऊन जाईन."

मॉडेलसाहेबांना मागचा अनुभव होता. मागच्या वर्षी ते मुलीकडे महिनाभर राहून आले होते. जावई भला माणूस, विहीणबाई त्याहून भल्या, आणि त्रास काय तो तोच होता. दोन खोल्यांच्या त्या घरात सगळे त्यांच्यासाठी सतत जागा करत असत. ते सोफ्यावर टेकले की विहीणबाई उठून आत जात, ते पाणी प्यायला आत गेले की जावई बाहेर येई. एखादं यंत्र जोडून झाल्यावर टेबलावर एक स्क्रू उरावा आणि तो टाकून द्यायला कोणाचा जीव होऊ नये, तसं त्यांना तिथे वाटे. इथे स्वतःच्या घरात दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे उरायचा प्रश्न नव्हता. त्यांना इथेच राहायचं होतं. म्हणून त्यांनी शब्द दिला की बेल याच आठवड्यात दुरुस्त होईल.

कोपऱ्यावरच्या दुकानातला वायरमन म्हणाला, "काका, नवीन बेल लावून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांत होणारं काम मॉडेलसाहेबांनी जन्मात केलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत ते सर्किटं आखत आणि तिथेच त्यांना हे नाव पडलं. सर्किट खरोखर जोडण्याआधी ते कॉम्प्युटरवर चालवून बघता येतं. त्यासाठी प्रत्येक सुट्या भागाची एक नक्कल कॉम्प्युटरला द्यावी लागते. त्या नकलेला मॉडेल म्हणतात. एकाच भागाची चार जणांनी केलेली चार मॉडेलं मिळतात आणि प्रत्येकाचं म्हणणं थोडं वेगळं असतं. बाकीचे इंजिनिअर हाताला येईल ते मॉडेल उचलत आणि चहाला जात. मॉडेलसाहेब निदान तीन मॉडेलं शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना केल्याशिवाय साधा दिवासुद्धा पेटवू देत नसत. त्यामुळे कंपनीचे काटे अचूक निघत आणि उशिरा निघत.

बेलसाठी त्यांनी एक झकास सर्किट आखलं. बटण दाबायची भानगड नाही. दाराबाहेर एक पितळी पट्टी, तिला नुसतं बोट टेकवलं की पुरे. बोटातून जो काही चिमूटभर करंट जाईल तो एक ट्रान्झिस्टर मोठा करणार आणि बेल वाजणार. ट्रान्झिस्टर घरच्या डब्यात होता. त्याची तीन मॉडेलं त्यांनी शोधून काढली. पहिलं पाठ्यपुस्तकी: त्यात ट्रान्झिस्टर शहाण्या मुलासारखा, सांगितलं तेवढंच करणारा. दुसरं, ज्या कारखान्यात तो बनतो त्यांनी स्वतः दिलेलं. तिसरं कुठल्यातरी दूरच्या देशातल्या एका अनोळखी गृहस्थाने हौसेने केलेलं आणि इंटरनेटवर टाकून दिलेलं. हे तिसरं भलतंच लांबलचक होतं. त्यात उष्णतेचा विचार होता, धुळीचा होता, भाग जुना झाल्यावर काय होईल त्याचाही होता.

पहिल्या दोन्ही मॉडेलांनी सांगितलं की बेल उत्तम वाजेल. तिसऱ्याने सांगितलं की बेल उत्तम वाजेल, पण भिंत तापली तर ती कोणी हात न लावताही मधून मधून वाजेल.

"घाबरट दिसतो हा," मॉडेलसाहेब अनोळखी गृहस्थाला उद्देशून म्हणाले. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांनी सर्किट मंजूर केलं आणि दाराशेजारी बसवून टाकलं. आपल्याच बेलला बाहेरून बोट लावून पाहिलं, बेल वाजली, आणि सवयीने त्यांच्या तोंडून "अगं" निघालं. पुढचा शब्द त्यांनी गिळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली.

मॉडेलसाहेबांनी शर्टाची वरची दोन बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिन्याच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत येऊन पितळी पट्टीवर आणि भिंतीवर पसरलं होतं. आलेला माणूस चुकून खालच्या मजल्यावर गेला असेल म्हणून त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं, वरही पाहिलं, आणि दार लावून परत येऊन बसले. थोड्या वेळाने बेल पुन्हा वाजली. पुन्हा बटणं, पुन्हा केस, पुन्हा ऊन. असं तीन दुपारी चाललं. खरं सांगायचं तर तिसऱ्या दुपारपर्यंत ते बटणं लावूनच बसायला लागले होते. कोणीतरी आलं आहे असं एकदा वाटलं की घर दोन मिनिटं वेगळं होतं, आणि दार लावल्यावर आधीपेक्षा जास्त रिकामं होतं. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी भिंतीला थर्मामीटर चिकटवला, तिसरं मॉडेल पुन्हा उघडलं आणि त्यात भिंतीचं तापमान भरलं. कॉम्प्युटरने सांगितलं तेव्हाच बाहेर बेल वाजली. अनोळखी गृहस्थ अक्षरशः बरोबर होता. मॉडेलसाहेबांनी त्याला ईमेल पाठवून माफी मागितली. त्या महिन्यात त्यांनी कोणालाही लिहिलेलं ते एकच पत्र होतं, आणि ते तीन पानी झालं.

उपाय सोपा होता. उन्हाला न बधणारा दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर लावायचा. तो त्यांनी मागवला, कुरियरने आठवड्यात येईल असा निरोप आला, आणि तोवर बेलकडे लक्ष द्यायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. वाजली तर ऊन आहे असं समजायचं.

इथवर प्रकरण हातात होतं. हाताबाहेर गेलं ते मुलीच्या फोनमुळे. तिचा फोन चार वाजता येई, आणि चारच्या सुमारास भिंत सर्वांत जास्त तापलेली असे. ते "मी बरा आहे" म्हणत असतानाच बेल खणखणली.

"कोण आलं?" मुलीने विचारलं.

मॉडेलसाहेब बोलणार होते की कोणी नाही, ऊन आहे. पण तसं म्हटलं तर बेल दुरुस्त झालेली नाही हे कळलं असतं, आणि बेल दुरुस्त झालेली नाही म्हणजे सामान बांधा.

"आलंय कोणीतरी," ते म्हणाले.

"म्हणजे भेटायला? तुम्हाला?" मुलीचा आवाज एकदम बदलला. "मग जा ना बाबा, त्यांना ताटकळत काय ठेवता? मी ठेवते."

आई गेल्यानंतर इतक्या हलक्या आवाजात ती पहिल्यांदाच बोलली होती. मॉडेलसाहेब बराच वेळ फोन हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल वाजली तेव्हा त्यांनी फोनवर हात न ठेवता दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "या, या, बसा. आलोच मी."

त्यानंतर पाहुणे वाढत गेले. एक जुने सहकारी झाले, एक बुद्धिबळ खेळायला येणारे झाले, एक वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले झाले, ज्यांना गुडघेदुखीमुळे वारंवार येता येत नसे. मुलगी एकेकाची चौकशी करायची, त्यामुळे बँकवाल्यांचा कोणता गुडघा हे लक्षात ठेवावं लागे. पुढे तिने व्हिडिओ कॉल सुरू केला. मग टेबलावर दुसरा कप आला. रिकामा कप कॅमेऱ्यात रिकामा दिसतो, म्हणून त्यात चहा ओतावा लागला. फोन झाला की मॉडेलसाहेब आधी आपला चहा पीत, मग खुर्ची बदलून पाहुण्याचा पीत, आणि दोन्ही कप विसळून ठेवत.

"तुमच्या मंडळींसाठी बिस्किटांचा डबा पाठवलाय," एक दिवस मुलगी म्हणाली. चार दिवसांनी तिने विचारलं, "डबा पोचला ना? माझ्या फोनवर पोचला असं दाखवतंय. आवडली का सगळ्यांना?"

डबा आला नव्हता. पण नाही म्हणावं तर कुरियरवाला आला तेव्हा तुम्ही होतात कुठे, बेल कशी ऐकू आली नाही, हा पुढचा प्रश्न होता. "संपली सुद्धा," मॉडेलसाहेब म्हणाले. "बँकवाल्यांनी फार खाल्ली."

ट्रान्झिस्टरचंही तेच झालं. तो पोचला असल्याचा निरोप आला, वस्तूचा पत्ता नाही. मॉडेलसाहेबांनी कुरियर कंपनीला फोन लावला.

"सर, आमच्या माणसाने बेल वाजवली होती," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पार्सल दिलेलं आहे सर."

"कोणाला दिलं? मी दिवसभर घरात असतो. माझ्या घराची बेल केव्हा वाजते आणि का वाजते हे माझ्याइतकं कोणालाही माहीत नाही. सगळा हिशेब आहे माझ्याकडे."

"सर, दिलेलं आहे सर."

लोक धडधडीत खोटं कसं बोलू शकतात याचं मॉडेलसाहेबांना नवल वाटलं. मग त्यांनी मुलीच्या फोनसाठी दुसरा कप मांडला.

या सगळ्यात त्यांचा जीव रमला होता तो मात्र वेगळ्याच गोष्टीत. तिसरं मॉडेल आज बेल कधी कधी वाजेल ते सकाळीच सांगायचं आणि दुपारी ती तशीच वाजायची. फक्त एक बेल जास्तीची येई. चार वाजून गेल्यावर, फोनवर बोलणं चालू असताना, एक अगदी छोटी बेल. इतर बेला ठणठणीत वाजत, ही चोरट्यासारखी वाजून गप्प होई. कुठल्याच मॉडेलमध्ये ती बसेना. पहिल्या मॉडेलला तर उन्हाच्याही बेला कळत नव्हत्या, दुसऱ्याला निम्म्या कळत, तिसऱ्याला सगळ्या कळत, पण ही नाही.

मॉडेलसाहेबांनी हवेतला ओलावा मॉडेलमध्ये घातला. बेल तरीही जास्तीचीच राहिली. त्यांनी लिफ्टच्या मोटरचा धक्का घातला, पितळेवर चढलेला गंज घातला. बेल एक दिवस थोडी आधी वाजली, एक दिवस थोडी नंतर. एका दिवशी तर ती दोनदा वाजली, दोन्हींमध्ये एखाद्या माणसाने श्वास घ्यावा एवढं अंतर सोडून. मॉडेलसाहेबांनी त्याला "अवशिष्ट गळती", म्हणजे हिशेबाबाहेर झिरपणारा करंट, असं नाव दिलं, ते अनोळखी गृहस्थाला ईमेलने कळवलं, सोबत आलेख जोडले, आणि तुमच्या मॉडेलात इथे एक कमतरता राहिली आहे असं नम्रपणे सुचवलं.

उत्तर शुक्रवारी आलं. त्यात एकच ओळ होती: तेव्हा दार उघडून पाहिलंत का?

मॉडेलसाहेब नाराज झाले. एवढा विद्वान माणूस, आणि त्याने असा बाळबोध प्रश्न विचारावा. त्याच दिवशी चारच्या फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी मी येतेय. तुमच्या सगळ्या मित्रांना चार वाजता बोलवा. मला भेटायचंय त्यांना. आभार मानायचेत एकदा."

मॉडेलसाहेबांची पाचावर धारण बसली. मित्र बनवणं सोपं गेलं होतं, आणणं अवघड होतं. जुन्या सहकाऱ्याला, जो खरोखर होता, त्यांनी फोन केला. तो मुलाकडे परदेशी होता. शेवटी ते वायरमनच्या दुकानात गेले.

"रविवारी चार वाजता जरा घरी येता का?"

"कशाला काका? बेल बसवायची का नवीन?"

"नाही. नुसतं बसायला."

वायरमनने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि रविवारी आपलं दुकान बंद असतं असं सांगितलं.

आता भरवसा उन्हावर होता. बेल वाजली की "जिन्यातूनच परत गेले वाटतं" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण रविवारी सकाळपासून आभाळ दाटून आलं. मुलगी दुपारीच आली, तिने टेबल पुसलं, पाच कप मांडले आणि केस नीट करून बसली. चार वाजले. बेल वाजली नाही. सव्वाचार झाले.

"येणार आहेत ना नक्की?" मुलीने विचारलं.

"येतील," मॉडेलसाहेब खिडकीतून आभाळाकडे बघत म्हणाले. "जरासं उघडलं की येतील."

"काय उघडलं की?"

"मी खाली बघून येतो," असं म्हणून ते उठले. जाताना त्यांनी कपाटातून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर काढून शर्टाखाली लपवला. लांब वायर बरोबर घेतली, मुलीची पाठ वळलेली पाहून ती दाराजवळच्या प्लगला लावली, दार पुढे ओढून घेतलं आणि बाहेर उभं राहून पितळी पट्टीवर गरम वारा सोडायला लागले. थर्मामीटर हळूहळू चढत होता. त्यांच्या हिशेबाने अजून थोडा वेळ लागणार होता. तेवढ्यात दार उघडलं. मुलगी वायरीचा माग काढत आली होती.

तिने वडिलांकडे पाहिलं, ड्रायरकडे पाहिलं.

"बाबा, भिंतीचे केस वाळवताय का?"

मॉडेलसाहेबांनी ड्रायर बंद केला. मग आत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. आधी ट्रान्झिस्टर सांगितला, मग ऊन, मग बँकवाल्यांचा गुडघा. मुलगी पाच कपांसमोर बसून ऐकत होती. जुने सहकारी नाहीत, बुद्धिबळवाले नाहीत, असे एकेक जण रद्द होत गेले तशी ती एकेक कप उपडा करून ठेवत गेली. शेवटी दोनच कप उरले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी रोज घरी जाऊन सांगायचे," ती म्हणाली, "की बाबांकडे आज कोण कोण आलं होतं."

"चूक झाली माझी. पण मला इथेच राहायचंय गं."

"कोणाबरोबर? उन्हाबरोबर?" तिने डोळे पुसले. "नाही बाबा. सामान बांधा."

 कॉम्प्युटरची वायर काढायला मॉडेलसाहेब आतल्या खोलीत गेले, मुलगी मागोमाग गेली. पडद्यावर ती एका ओळीची ईमेल उघडीच होती. तिने वाचली.

"हे काय?"

"एक बेल जास्तीची वाजते. चारनंतर. मॉडेलमध्ये बसत नाही. त्यावर हा गृहस्थ विचारतो, दार उघडून पाहिलं का."

"मग पाहिलंत?"

"नाही."

"का?"

"मॉडेलमध्ये दार नाहीये," मॉडेलसाहेब म्हणाले.

आणि बेल वाजली. अगदी छोटी, चोरट्यासारखी.

"मी मघाशी तापवली ना भिंत, म्हणून," मॉडेलसाहेब म्हणाले. पण पाय आपोआप बाहेरच्या खोलीकडे वळले. त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर हात ठेवला. भिंत गार झाली होती. इतक्या गार भिंतीवर ही बेल आपणहून वाजू शकत नव्हती. तिसरं मॉडेल याबाबतीत फार स्पष्ट होतं.  मग त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं लावली आणि दार उघडलं.

दारात समोरच्या ग्रंथपालबाई उभ्या होत्या. हातात एक पत्र्याचा डबा आणि त्याच्यावर एक छोटं पाकीट.

"हे तुमचं," त्या इतक्या हळू म्हणाल्या की पुढे वाकावं लागलं. "कुरियरवाला माझ्याकडे ठेवून गेला. तुम्ही दार उघडत नव्हतात म्हणाला. मी रोज आणून द्यायला येत होते."

"रोज?"

"चार वाजता उठते मी दुपारची. मग यायचे. पहिल्या दिवशी बेल वाजवली तर तुम्ही आतून म्हणालात, या, या, बसा. मला वाटलं मलाच. म्हणून थांबले. दार काही उघडलं नाही. मग लक्षात आलं की आत कोणी बसलंय." त्या जराशा हसल्या. "ग्रंथालयात आयुष्य गेलं हो. दोन माणसं बोलत असली की मध्ये जाववत नाही. एकदा धीर करून दुसऱ्यांदा वाजवली, पण तेव्हाही पाहुणेच होते. मग म्हटलं, एवढी माणसं येतात यांच्याकडे, पार्सल काय, उद्या देऊ. आज दुपारभर बेल वाजली नाही, म्हणून वाटलं आज मोकळे असाल."

 दारात उभं राहून मॉडेलसाहेब आठवड्यांमागून आठवडे मागे जाऊन बघत होते. ओलावा घातला होता तो दिवस, गंज घातला होता तो दिवस, अवशिष्ट गळती दोनदा झाली होती तो दिवस. सगळे दिवस त्या दाराच्या पलीकडे एक माणूस उभं होतं.

"तुम्हाला त्रास झाला," ते कसंबसं म्हणाले. "त्या बेलचाही झाला असेल. दुपारची झोप मोडत असेल."

"नाही हो. उलट बरं वाटायचं. मजल्यावर कोणाकडे तरी कोणी येतंय."

मुलगी मागून पुढे आली. तिने डबा ओळखला. "बाबा, ही बिस्किटं संपली होती ना?" ती म्हणाली, पण तिचा आवाज चारच्या फोनवरचा, हलका झाला होता. तिने ग्रंथपालबाईंच्या हातातलं सगळं काढून घेतलं, त्यांना हाताला धरून आत आणलं आणि उपडे ठेवलेल्या कपांपैकी एक सुलटा केला.

सामान त्या दिवशी बांधलं गेलं नाही. एक महिना बघू, असं मुलगी जाताना म्हणाली, आणि मॉडेलसाहेबांनी मान डोलावली.

नवा ट्रान्झिस्टर आला असला तरी बेल अजून तशीच आहे. त्याची निरनिराळी मॉडेलं मिळतात आणि मॉडेलसाहेबांची तुलना अद्याप चालू आहे. ग्रंथपालबाई रोज येतात. बेलची खात्री नसल्यामुळे त्या दार वाजवतात, आणि आल्या की बिस्किट चहात बुडवून मॉडेलसाहेबांकडून ट्रान्झिस्टरबद्दल ऐकून घेतात. ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे. परवा त्या अशाच समोर बसल्या होत्या, चार वाजले, मुलीचा फोन आला. मॉडेलसाहेबांनी तो नुसता कानाला लावला. तेवढ्यात दाराची बेल खणखणली.

"कोण आलं बाबा?" मुलीने विचारलं.

"कोणी नाही," मॉडेलसाहेब अगदी खरं ते बोलले. "ऊन आहे."

 मग मुलगी म्हणाली, "मग हसलं कोण?"